खोटी सही

आमच्या मुराकामीत डिसेंबर लागला
की वळचणीला सॅमन टांगतात, शेपूट वर, डोकं खाली.
पोट चिरताना मध्ये बोटभर जागा तशीच ठेवतात.
सामुराईंचं गाव हे; पोट फाडल्याची आठवण
माशालासुद्धा नको.

अशा गावात माझा नवरा,
बर्फाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं खातेवही लिहिलेला,
निवृत्तीच्या पैशांतून तलवार घेऊन आला.
मी म्हटलं, आणि छपराचं काय?
तो म्हणाला, चारशे वर्षांची आहे.
मी म्हटलं, छप्परही तेवढंच आहे.

तिला म्यानं दोन.
एक साधं, मॅग्नोलियाच्या लाकडाचं, झोपायचं.
दुसरं लाखेचं, काळंभोर, मिरवायचं;
त्याच्या आत लाकडाचं पातं.
पाहुणे त्याचंच कौतुक करून जात,
आणि ती आतल्या खोलीत निजलेली.

महिन्यातून एकदा तो बांबूची खुंटी काढी,
मनगटावर मूठ आपटी,
पातं सैल होऊन हातात येई.
जुनं तेल पुसायचं, पांढरी भुकटी हलके झाडायची,
मग नवं तेल. लवंगेचा वास घरभर.
मला दाढ काढली होती तो दिवस आठवे.
बोलायचं नाही. तोंडाची वाफ लागली तरी गंज.
आमच्या संसारातला सगळ्यात शांत अर्धा तास.

एकदा तिला तोक्योला नेलं, तज्ज्ञांपुढे.
पातं पाणीदार, ते म्हणाले. सही खोटी.
मुठीत दडलेल्या गंजक्या भागावर
कुणीतरी एका थोर लोहाराचं नाव कोरलं होतं,
भाव चढावा म्हणून, केव्हातरी.
नाव घासून टाका, मग प्रमाणपत्र देऊ.
निनावी चालेल, म्हणाले.

त्सुगावाचा इसोगाई कानस घेऊन आलासुद्धा.
नवऱ्यानं सही दिव्याखाली धरली. बराच वेळ.
मग म्हणाला, इथे बघ, तिसऱ्या रेघेशी
छिन्नी उचलली, पुन्हा टेकवली.
छत्तीस वर्षं सह्या पाहिल्यात मी.
हा माणूस सराईत नव्हता.
पहिल्यांदाच करत होता.
इसोगाईनं चहा घेतला, दोन पर्सिमन खाल्ली,
आणि कानस फडक्यात गुंडाळून निघून गेला.

छप्पर त्या वर्षीही गळलं.

आता काचबिंदूनं त्याचे डोळे नेलेत.
तो पातं धरतो, आणि बघते मी.
दिवा डाव्या अंगाला. थोडं तिरपं. अजून.
काय दिसतंय?
धारेलगत पांढरं.
पांढरं कसं?
तांदूळ धुतल्यावर पातेल्याच्या बुडाशी
जे थांबतं, तसं.
पुढे सरक.
ओहोटीची रेघ. वाकडी. एका जागी
कुणीतरी वाळूत पाय घासत गेल्यासारखी.
तो हसतो. मोठमोठे शब्द होते या सगळ्याला,
वहीत लिहून ठेवलेले. आता विचारत नाही.
पुढे?

पुढे, टोकापासून वीतभर अलीकडे,
एक ठिपका. गेल्या महिन्यात नव्हता.
तपकिरी, तिळाएवढा.
आम्ही बोलतो ना हल्ली, पात्यावर ओणवून.
माझाच श्वास असणार तो.

मी म्हटलं, एक धुक्याचा
छोटा
पुंजका आहे. रेघेबाहेर. एकटाच. सुंदर आहे.

तो गप्प. अंगठा रेशमी फडक्यावर.
खाली रस्त्यावरून मीठ टाकणारी गाडी गेली.
मग म्हणाला,
तिसऱ्या शब्दाशी थांबलीस तू.

आणि तेलाची बाटली चाचपत,
इथे जरा जास्त लाव.